तबकडीमागचा माणूस

१९८३ साली आमच्या बस्तीत पंचकल्याणक पूजा झाली. जन्मकल्याणकाच्या दिवशी पाळणा हलवताना महिला मंडळाने काहीतरी नवं म्हणावं असं ठरलं आणि पद्य लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कॉलेजात होते, वहीत कविता खरडत होते, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शब्दांवर कुणी फार बोललं नाही. वाद झाला तो चालीवर. कुणाला 'नागिन'मधली चाल हवी होती, कुणाला 'जय संतोषी माँ'मधली. शेवटी मंडळाच्या अध्यक्ष आक्कांच्या सुनेने 'डिस्को दीवाने' सुचवलं. ती नुकतीच सांगलीहून लग्न होऊन आली होती आणि तिच्या माहेरी टेपरेकॉर्डर होता. दोघीतिघींनी तोंडावर हात ठेवले. पण आक्काच म्हणाल्या, "शब्द देवाचे घाल की गं. चालीला काय जात असती व्हय?"

मी लिहिलं. मात्रा मोजून लिहिलं. पेटीवर उपाध्यांचा मुलगा, ढोलकीवर शेजारचे एक काका आणि आम्ही चौदा बायका. आठ दिवस तालीम केली. आणि गाणं पडलं. चुकलं कुणाचंच नाही, चाल बरोबर होती, शब्द चालीत बसले होते, पण बायका म्हणत होत्या आणि मांडवातली माणसं सवाल कितीला गेला याची चर्चा करत होती. रात्री अज्जी म्हणाली, "ह्यात गाणं कुठं हाय गं? कुणीतरी कुणाला तरी नुसतं हाका मारल्यागत वाटतंय."

मला राग आला. अज्जीला आधुनिक गाणं कळत नाही, असं म्हणून मी तो विषय मिटवला. पण दुसऱ्या दिवशी आक्कांच्या सुनेकडे जाऊन ती कॅसेट पुन्हा ऐकली, आणि अज्जीचं म्हणणं बरोबर आहे हे मनात कबूल करावं लागलं. चाल म्हणून जे आम्ही उचललं होतं ते थोड्याशा सुरांत फिरणारं, पुन्हा पुन्हा तिथंच येणारं होतं. पेटीवर काढलं की त्यात काही उरत नव्हतं. तरी कॅसेट लावली की पाय हलत होते. मग आम्हाला आवडलं होतं ते नक्की काय? ते कॅसेटमध्ये होतं, मांडवात आलं नाही. ते कुणी घातलं होतं?

कॅसेटच्या वेष्टणावर गाणाऱ्या बहीणभावाची, नाझिया आणि झोहेब हसनची नावं ठळक होती. आणखी एक नाव होतं, बिद्दू. मला ते टोपणनाव वाटलं, आणि माणूस मुंबईचा असावा असंही वाटलं. तो आमच्या शेजारच्या मुलखातला, कोडगू घराण्यातला, बेंगळुरात १९४५ साली जन्मलेला बिद्दू अप्पय्या आहे हे कळायला बरीच वर्षं गेली. बेळगावहून बेंगळूरला आमची माणसं रात्रीच्या गाडीने जातात येतात, आणि तिथल्या एका माणसाने लंडनला बसून अर्ध्या जगाला नाचवलं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याचा हुद्दा इंग्रजीत रेकॉर्ड प्रोड्यूसर. मराठीत निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा शब्द फसवतो. रेकॉर्ड प्रोड्यूसर गात नाही, बहुतेक वेळा वाजवतही नाही. गाणं कुणाकडून गाऊन घ्यायचं, किती वादक बोलवायचे, ढोल किती पुढे, आवाज किती मागे, एक ओळ किती वेळा म्हणून घ्यायची आणि त्यातलं काय टाकून द्यायचं, हे सगळं तो ठरवतो. आपल्याकडे सिनेमात हे काम संगीत दिग्दर्शक, संयोजक आणि ध्वनिमुद्रक असं तिघांत वाटलेलं असायचं. तिकडे ते एका डोक्यात असतं. मोठ्या कार्यातला आचारी आठवावा. भाज्या बायका चिरतात, पुऱ्या बायका लाटतात, तो फक्त हिंडतो आणि मधून मधून चव बघतो. पण जेवण बिघडलं की नाव त्याचंच जातं, आणि चांगलं झालं तर मात्र यजमानांचं.

बिद्दूची सुरुवात बेंगळुरातच झाली. मित्रांबरोबर ट्रोजन्स नावाचा बँड काढला, गिटार घेतली, इंग्रजी गाणी म्हटली. मग ऐन तिशीच्या आत, १९६७च्या सुमारास, तो इंग्लंडात पोचला. ओळख कुणाची नाही. अमेरिकन वकिलातीच्या स्वयंपाकघरात काम केलं, पैसे साठवून स्टुडिओचे तास विकत घेतले. १९६९मध्ये टायगर्स या जपानी बँडची 'स्माइल फॉर मी' ही रेकॉर्ड त्याने केली. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. लंडनमध्ये बसलेला कोडगू माणूस, जपानी गाणारे, गाणं लिहिणारे बी जीजमधले गिब बंधू. इतक्या लांबलांबची माणसं एका तबकडीवर आणणं हेच त्याचं पुढे आयुष्यभराचं काम झालं.

१९७४चं 'कुंग फू फायटिंग' सर्वांना माहीत आहे, आमच्याकडच्या मुलांनाही ते कार्टूनमधून माहीत आहे. त्याची गोष्ट अशी की कार्ल डग्लस या जमैकन गायकाला बिद्दूने दुसऱ्याच गाण्यासाठी बोलावलं होतं. तीन तासांचं स्टुडिओ घेतलेलं, बहुतेक वेळ त्या मुख्य गाण्यात गेला. तबकडीच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून उरलेल्या दहा मिनिटांत, दोन खेपांत, हे गाणं उरकलं. गंमत म्हणून. कंपनीने ऐकलं आणि मागची बाजू पुढे केली. ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेतही गेलं.

ही गोष्ट बिद्दूचं कौतुक करणारे नेहमी नशिबाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. दहा मिनिटांत पीठ मळून कुणाच्याही चपात्या होत नाहीत, ज्या हाताने वीस वर्षं मळलंय त्याच्याच होतात. पण दुसरी बाजूही आहे. या यशाने बिद्दूला एक सवय लागली असावी असं त्याची पुढची गाणी ऐकताना वाटतं. झटकन पकडणारी एक ओळ मिळाली की त्याचं समाधान होतं. गाणं पुढे कुठे जातंय याची त्याला फारशी फिकीर नसते. टीना चार्ल्सचं १९७६मधलं 'आय लव्ह टु लव्ह' ऐकावं. इंग्लंडात तेही पहिलं आलं. आवाज खणखणीत, तालाला जागा सोडलेली, व्हायोलिनं वर तरंगत आहेत, सगळं जिथल्या तिथे. आणि दोन मिनिटांनी आपण पुन्हा तिथेच.

तरीही टीना चार्ल्सच्या त्या दिवसांचं एक वेगळं महत्त्व आहे. तिच्यामागे बास गिटार वाजवणारा एक तरुण होता, ट्रेव्हर हॉर्न. कीबोर्डवर जेफ डाउन्स. बिद्दू गाण्याचा सांगाडा कसा उभा करतो हे हॉर्नने तिथे जवळून पाहिलं. १९७९मध्ये या दोघांनी बगल्स या नावाने 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' केलं. १ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिलं गाणं हेच लावलं गेलं. पुढे हॉर्न स्वतः निर्माता झाला, आणि ऐंशीच्या दशकातलं यंत्रावर उभं राहिलेलं इंग्लिश पॉप, ज्याला सिंथ-पॉप म्हणतात, त्याच्या मोठ्या कारागिरांत त्याची गणना होते. हॉर्न एकेका गाण्यावर आठवडेच्या आठवडे घालवी. बिद्दूला ते कधी जमलं नाही. शिष्याने गुरूचा झटपटपणा टाकून बाकीचं घेतलं असं म्हणावंसं वाटतं, जरी गुरुशिष्य हे शब्द त्या दोघांना हसू आणतील.

आता यंत्राकडे वळते. सिंथेसायझर म्हणजे विजेवर सूर तयार करणारी पेटी. लाकूड नाही, तार नाही, भाता नाही. आमच्या मंडळात आजही कुणी कुणी म्हणतं की हे सगळं ऐंशी सालानंतर आलं आणि त्याने गाणं बुडवलं. त्यांना मी 'नागिन'ची आठवण देते. १९५४चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं, आणि ज्या पुंगीवर गावोगावच्या बायका अंगात आल्यासारख्या डोलल्या ती पुंगी नव्हतीच. ते क्लॅव्हिओलिन नावाचं फ्रान्समध्ये निघालेलं विजेचं वाद्य होतं, जोडीला रवींची हार्मोनियम होती. क्लॅव्हिओलिन वाजवणारे होते कल्याणजी विरजी शाह, कच्छी जैन, मुंबईत किराणा दुकान चालवणाऱ्या घरातले. म्हणजे हिंदी सिनेमात यंत्राचा सूर घरोघरी पोचवणारी बोटं आपल्याच माणसाची होती. ज्या बाईंनी १९८३मध्ये डिस्को नको, आपली 'नागिन'च बरी म्हणून वाद घातला होता, त्या कधी हे ऐकत्या तर काय म्हणाल्या असत्या?

आणि योगायोग पहा. १९८०मध्ये फिरोज खानांचा 'कुर्बानी' आला, त्याचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. त्यात एकच गाणं बाहेरून आणलेलं, लंडनमध्ये तयार झालेलं, 'आप जैसा कोई'. शब्द इंदीवरांचे, संगीत बिद्दूचं, आवाज पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली मुलगी. फिरोज खानांना ती तिथल्या एका मेजवानीत भेटली आणि त्यांनी तिला बिद्दूकडे पाठवलं. पडद्यावर झीनत अमान.

हे गाणं त्याच सिनेमातल्या 'लैला मैं लैला'च्या शेजारी ठेवून ऐकावं. तेही नाचाचं गाणं, कांचनने म्हटलेलं, कल्याणजी-आनंदजींनी केलेलं, आणि उत्तम केलेलं. पण ते भरलेलं आहे. वाद्यं येतात, जातात, दोन कडव्यांमधली प्रत्येक जागा कुणीतरी भरून काढतं, जसं आपल्याकडे पाहुणा उठला की त्याच्या पानात आणखी एक लाडू पडतो. 'आप जैसा कोई'मध्ये जागा मोकळ्या आहेत. पायाखाली एकसारखा ठोका आहे, त्याच्या आत बास गिटार फिरते आहे, आणि वर फक्त ती मुलगी. मधे रिकामं आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यात असं रिकामं ठेवायला कुणी धजत नव्हतं. मला तरी त्यापूर्वीचं असं गाणं आठवत नाही.

त्या रिकाम्या जागेत आवाज कसा उभा राहतो ते नीट ऐकण्यासारखं आहे. नाझियाचा आवाज लहान होता, थोडा नाकातला, तालमीचा नव्हता. लहानपणी ती पाकिस्तान टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात गायली होती, तेवढंच. असा आवाज मोठ्या ठोक्यासमोर उघडा पडतो. बिद्दूने तिच्याकडून तीच ओळ पुन्हा म्हणून घेतली आणि तिच्याच आवाजावर तिचाच आवाज चढवला. कुठलाही माणूस एकच ओळ दोनदा अगदी तशीच म्हणू शकत नाही, केसाएवढा फरक राहतोच. त्या फरकामुळे आवाज रुंद होतो, चमकतो, आणि एकटी मुलगी गाते आहे असं न वाटता जणू तिची मैत्रीण तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे असं वाटतं. आम्ही चौदा जणी मांडवात एका सुरात म्हणत होतो आणि एकच वाटत होतो. ती एकटी होती आणि दोघी वाटत होती.

मी हे गाणं इतकं का धरून बसले आहे, ते सांगायला हवं. माझा आवाज घोगरा आहे. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या ओळीत उभं करत आणि नुसते ओठ हलव म्हणत. बाईंचं वाईट नव्हतं, त्यांच्या कानात एक आवाज बसलेला होता, जो त्या काळी सगळ्या देशाच्या कानात बसला होता. बाईचा आवाज म्हणजे लताबाईंचा, उंच, बारीक, काठावरूनही न सांडणारा. त्या आवाजाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण त्या पट्टीत ज्यांना जाता येत नव्हतं त्या मुली गप्प बसल्या हेही खरं आहे. आशाबाईंनी खालचे सूर लावले, पण ते बहुतेक खलनायिकेसाठी आणि क्लबातल्या बाईसाठी. उषा उथुप यांना शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं, ते त्यांनीच अनेकदा सांगितलंय. आणि इथे माझ्यापेक्षा वर्षभराने लहान मुलगी, बोलते त्याच आवाजात, न ताणता, न लाजता गात होती. तिला त्या वर्षीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा मला माझंच काहीतरी पास झाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून बिद्दूचं श्रेय किती आणि तिचं किती, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता संगीताचा नाही. स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना निमित्त आणि उपादान यांचा वाद नवा नाही. घडा मातीतून होतो, म्हणून माती उपादान. कुंभार, चाक, दांडा ही निमित्तं. निमित्ताने घडा केला असं म्हणणं व्यवहार झाला, निश्चयाने पाहिलं तर घडा मातीनेच होतो. या वादात मी नेहमी मातीच्या बाजूची. पण 'आप जैसा कोई' ऐकताना माझी पंचाईत होते. कुंभार नसता तर ही माती लंडनच्या एखाद्या दिवाणखान्यात वाढदिवसाला गाणी म्हणत राहिली असती. आणि माती दुसरी असती, तालमीत घोटलेली, तर बिद्दूच्या चाकावर ती बसली नसती. टीना चार्ल्सच्या भक्कम आवाजावर त्याने जे केलं ते चांगलं आहे, पण विसरलं जातं. नाझियाच्या कच्च्या आवाजावर केलेलं आजही ताजं वाटतं. माझा कल अजूनही मातीकडेच आहे, फक्त पूर्वीइतका ठाम नाही.

१९८१मध्ये 'डिस्को दीवाने' आलं. सिनेमा नाही, नायक नाही, नुसत्या गाण्यांची तबकडी, आणि ती आमच्यासारख्या गावात पोचली. हे आज क्षुल्लक वाटेल. तोवर हिंदी गाणं म्हणजे कुठल्यातरी सिनेमातलं गाणं असायचं, ते कुणावर चित्रित झालंय हा पहिला प्रश्न असायचा. इथे गाणारी मुलगी स्वतःच वेष्टणावर होती. तिच्या आवाजाला दुसऱ्या कुणाचा चेहरा लावलेला नव्हता. सिनेमाशिवाय गाणं विकलं जातं हे या तबकडीने दाखवलं, आणि नव्वदच्या दशकातलं सगळं इंडी-पॉप त्या वाटेने आलं.

पुढच्याच वर्षी 'स्टार' सिनेमासाठी बिद्दूने जे संगीत केलं त्यात 'बूम बूम' आहे. सिनेमा कुमार गौरवचा, पडला. गाणं राहिलं. इथे बिद्दू डिस्कोच्या बाहेर येऊन सरळ यंत्राकडे गेला. बास आता गिटारीतून येत नाही, कीबोर्डमधून येतो, टप्प्याटप्प्याने, शिवणयंत्राच्या टाक्यासारखा सारख्या अंतरावर. व्हायोलिनं जवळजवळ गेली. आवाज आणखी थंड. नाझिया इथे लाडात येत नाही, सांगून मोकळी होते. माझ्या मते बिद्दूच्या हिंदी कामातलं हे सगळ्यात नेटकं गाणं, 'डिस्को दीवाने'पेक्षा कितीतरी वर. इंग्लंडात त्याच वेळी जे सिंथ-पॉप चाललं होतं त्याच्या शेजारी ते मान खाली न घालता उभं राहतं. मात्र 'स्टार'मधली बाकीची गाणी सलग ऐकली की बिद्दूची जुनी खोड दिसते. एक युक्ती सापडली की ती झिजेपर्यंत वापरायची.

त्याच १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी जवळजवळ तसल्याच नव्या जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेला माणूस, रागांची जाण पक्की. ती तबकडी तेव्हा कुणी विचारली नाही, २०१० साली परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार थक्क झाले. मी ती नंतर ऐकली. यंत्राची ओळख चरणजितना बिद्दूपेक्षा खोल होती यात मला शंका नाही. भैरव वाजताना यंत्र जणू स्वतःच शिकत जातं. पण त्यात माणसाचा आवाज नाही. आमच्या गल्लीत ती आली असती तरी कुणी पुन्हा लावली नसती. बिद्दूला ते कळत होतं. यंत्र जितकं थंड, तितका त्याच्या मधोमध जिवंत, थोडा चुकणारा गळा हवा. ही त्याची खरी समज, आणि आयुष्यभर तो त्याच एका समजुतीवर जगला असं म्हटलं तर फार अन्याय होणार नाही.

नाझिया आणि झोहेबच्या नंतरच्या तबकड्या, 'यंग तरंग' आणि 'हॉटलाइन', यांवर मी फार रेंगाळत नाही. गाणी गोड आहेत. यंत्रं महाग झालेली ऐकू येतात.

मग १९९५. 'मेड इन इंडिया', अलिशा चिनॉय. ही कॅसेट लाखोंनी खपली, आणि ज्यांनी ऐकली नाही त्यांनी केबलवर पाहिली. राजकन्या एकामागून एक वर नाकारते आणि शेवटी लाकडी खोक्यातून आपला मिलिंद सोमण बाहेर येतो. आमच्या भिशीत त्या दिवशी भिशीचे पैसे मोजायचे राहिले. स्वयंवराची ही उलटी मांडणी, बाई निवडते आणि पुरुष खोक्यातून माल म्हणून येतो, ही बायकांना आवडणार हे ज्याने ओळखलं त्याला दाद द्यायलाच हवी. दिग्दर्शन केन घोष यांचं. पण गाणं म्हणून? डोळे मिटून ऐकलं तर ते पंधरा वर्षांपूर्वीच्या हिशेबावरच उभं आहे. अलिशाचा आवाज तयार आहे, तिला आपलं मोहकपण ठाऊक आहे. नाझियाच्या गळ्यातलं न ठाऊक असणं इथे नाही, म्हणून मधली मोकळी जागा मोकळी न वाटता ओस वाटते. त्या काळी बाजार उघडला होता, देशाचं नाव मालावर छापायला सगळे उत्सुक होते, आणि गाण्याने ती हवा पकडली. बिद्दूने हवा नेहमीच पकडली. कुंग फूच्या सिनेमांची हवा होती तेव्हा कुंग फू, डिस्कोची होती तेव्हा डिस्को.

हे गाणं आधी नाझियाकडे गेलं होतं आणि पाकिस्तानातल्या लोकांना दुखवेल म्हणून तिने नाही म्हटलं, असं सांगितलं जातं. ही हकीकत ऐकल्यापासून मला ते गाणं तिच्या आवाजात ऐकू येतं. आणि तिने म्हटलं नाही हे बरंही वाटतं. पंधराव्या वर्षी जिच्या आवाजाचं काय करायचं ते दुसऱ्याने ठरवलं, तिने तिशीत स्वतः ठरवलं. मधल्या काळात ती कायदा शिकली होती, संयुक्त राष्ट्रांमध्ये काम केलं होतं. गाण्यावर तिचं पोट नव्हतं आणि गाण्यावर तिचा जीव किती होता हेही तिने कधी कुणाला फार कळू दिलं नाही. १३ ऑगस्ट २०००ला लंडनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. पस्तीस वर्षांची. मी तेव्हा दोन मुलांच्या डब्यांत गुंतलेले होते, बातमी दोन दिवसांनी वाचली.

२०१२मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने' पुन्हा आलं. तिचा मूळ आवाज त्यात मधे मधे लावलेला आहे. नव्या गाण्यात काही कमी नाही, सगळंच जास्त आहे. कुठेही रिकामं नाही. एवढ्या गर्दीत तो जुना, नाकातला, दोनपदरी आवाज आला की माझ्या भाचीनेही मान वर करून विचारलं, "मावशी, ही कोण गं मधेच?" बिद्दूचं सगळं काम मला त्या प्रश्नात सापडलं. त्याने एकतीस वर्षांपूर्वी जे काही केलं होतं ते टाकून देऊन नुसती चाल घेतली होती, म्हणजे आम्ही मांडवात केलं होतं तेच. फक्त आमच्याकडे पैसे नव्हते.

आता आमच्या बस्तीत कॅसिओ असतो. एक पोरगा येतो, दहा प्रकारचे ठेके त्याच्या पेटीत तयार असतात, अष्टकांनाही तो तेच ठेके लावतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. गेल्या दशलक्षणात उत्तम क्षमेच्या दिवशी मला आरती म्हणायला पुढे केलं. त्याने सूर दिला तो माझ्यासाठी फार उंच होता. पूर्वी अशा वेळी मी मागे सरकले असते. मी म्हटलं, "बाळा, दोन सूर खाली घे की." त्याने एक बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, "म्हणा आक्का."